एक गुंठा

भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. मध्ये दोन दिवस गेले की शेंग निबर होते आणि निबर भेंडीला हर्रासात कोणी हात लावत नाही. म्हणून घरात लग्न असो की मयत, आमच्यापैकी एकजण सकाळी वावरात असायचाच. लग्न होऊन आले तेव्हापासून अकोल्याबाहेर, बाळापूर रस्त्याकडच्या त्या तीन एकरांत मी भाजीच पाहिली. भेंडी, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक विहिरी खाऱ्या. आमची तेवढी गोड्या पाण्याची लागली होती, म्हणून भाजी जमत होती. वावर दोघा भावांच्या नावावर होतं. माझे मिस्टर ते करायचे. भासरे, म्हणजे त्यांचे मोठे भाऊ, अमरावतीला नोकरीत होते आणि हिशाचं घ्यायला वर्षातून दोनदा येत.

तोडणीला आठ बाया लागत. त्यांना घेऊन येणारी बाई माझ्याच वयाची होती. नवरा वारलेला, एक मुलगी. बाया जमवणं, उशीर केला तर दटावणं, कोणाला बरं नसेल तर तिच्या सरीत स्वतः शिरणं, सगळं तीच करायची. भेंडीच्या लवेनं हात खाजतात, म्हणून जुने पायमोजे धुऊन ठेवायची आणि सगळ्यांना हातात घालायला लावायची. मी तिला बाई म्हणायचे, ती मला वहिनी.

ती आमच्याच गावात भाड्याच्या खोलीत राहत होती. पण गाव हळूहळू शहराला लागत चाललं. कॉलेजची मुलं खोल्या शोधत यायला लागली, मग कंपनीतले लोक. घरमालकानं फरशी बदलली आणि तिला सांगितलं, भाडं वाढवून द्या नाहीतर खोली सोडा. ती एका गोठ्याशेजारच्या खोलीत गेली. वर्षभरानं तो गोठा पाडून तिथे दुकानं निघाली. मग गावात तिला परवडेल अशी जागाच उरली नाही. मुलीला आणि दोन पेट्यांना घेऊन ती पातूरकडच्या एका खेड्यात भावाकडे गेली.

तिथून काळी-पिवळी जीपनं यायचं. रोजातलं बरंचसं गाडीभाड्यातच जायचं. वावरात पोचेपर्यंत नऊ वाजत, ऊन चढलेलं असे आणि तोडलेली भेंडी कॅरेटमध्ये पडतानाच मलूल व्हायची. बाजारात माल उशिरा गेला की उरलेला भाव मिळतो.

"वहिनी, भरल्याबिगर तो गाडी काढत नाई," ती एकदा म्हणाली. "मी पाच वाजतापासून फाट्यावर उभी राह्यते."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती, उशीर का झाला ते सांगत होती. मला मात्र दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

विहिरीजवळ आमचं मोटारघर होतं. विटांच्या भिंती, वर टिन, एका कोपऱ्यात स्टार्टर, बाकी खताची पोती. मी पोती घरी आणून टाकली, आतून सारवून घेतलं आणि तिला म्हटलं, अठीच राहा. मिस्टरांना विचारलं नाही, नंतर सांगितलं.

"अन् भाऊले काय सांगशीन?" ते म्हणाले.

"राखनदार ठेवली म्हना."

ते काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे होकारच, हे मला इतक्या वर्षांत कळलं होतं.

ती दोन वर्षं चांगली गेली. उजाडलं की बाई सरीत असायची. गावातल्या बाया येईपर्यंत तिच्या दोन सऱ्या झालेल्या असत. आमचा माल वेळेवर जायचा. मुलगी कॅरेटच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून अकोल्याला शाळेत जायची. बाईनं मोटारघरापुढे तुळस लावली आणि दाराशी दुधी भोपळ्याचा वेल टिनावर चढवला. दुपारी मी डबा घेऊन तिच्या ओट्यावर बसायचे. घरी सासूबाईंची आजारपणं, पाहुणे. माझं असं बसणं तेवढंच.

एक दिवस कॅरेटं धुताना तिनं मान वर न करता सांगितलं, "यादीत नाव लागलं माहं. घरकुलाच्या."

"मंग चांगलंच झालं ना."

"जागा पायजे म्हन्ते सोताच्या नावाची. घर बांधाले पैसा सरकार देते, पन जागा आपली पायजे." ती थांबली. "एक गुंठा दिला तं होते. मोटारघराच्या मांगं धुऱ्याजवळ पडीतच आहे तठी. फुकट नाई मांगत मी. रोजातून कापा."

मी बांधालगतच्या त्या पडीत तुकड्याकडे पाहिलं. तरोटा वाढलेला होता. आमचं तिथे कधी काही पिकलं नव्हतं. मी म्हटलं, "पाह्यतो विचारून."

हे मी तेव्हा म्हणायला नको होतं, असं पुढे किती वेळा वाटलं.

मिस्टरांनी दोन दिवस विचार केला आणि चक्क तोंडानं म्हणाले, देऊ. आम्ही दोघं तलाठ्याकडे गेलो. तरुण मुलगा होता, चांगला बोलला. म्हणाला, "काकू, शेतीचा एवढा लहान तुकडा पाडून खरेदी होत नाही. कायदाच आहे तसा. आणि जमीन दोघांच्या नावावर आहे, मोठ्या भावाची सही लागेल ती वेगळीच."

मिस्टरांनी तिथूनच भावाला फोन लावला. भासऱ्यांशी मी समोरासमोर कधी बोलत नसे, पण फोन स्पीकरवर होता.

"आज गुंठा देसान, उद्या ते रस्ता मांगन," भासरे म्हणाले. "परवा पोरीचा नवरा येऊन बसन तठी. मंग आपलं वावर कोन घेईन? राखनदार म्हनून ठेवली होती ना तुमी?"

मिस्टरांनी फोन खिशात ठेवला.

मी तिला एवढंच सांगितलं, "होत नाई म्हन्ते."

"बरं," ती म्हणाली आणि सरीत गेली. जागेचा कागद द्यायची मुदत निघून गेली आणि ग्रामपंचायतीतून कळलं की तिचं नाव मागे गेलं. त्याबद्दल ती पुन्हा माझ्याशी बोलली नाही. मीही तिच्या ओट्यावर बसणं कमी केलं. कामाचं निमित्त सांगत होते, पण खरं म्हणजे मला तिथे बसवत नव्हतं.

बाया कमी होत गेल्या. गाव महाग झालं तशा एकेक करून लांब राहायला गेल्या, आणि जवळच्या होत्या त्या नव्या बिल्डिंगांवर विटा उचलायला जायला लागल्या. तिथे रोज जास्त. आठाच्या पाच झाल्या, मग तीन. आम्ही रोज वाढवून दिला, तरी तीनच. मी स्वतः मोजे घालून उतरले. मिस्टरांचे गुडघे तोवर गेले होते, ते बांधावर खुर्ची टाकून बसत आणि कॅरेट मोजत. तोडायच्या राहिलेल्या सऱ्यांमधली भेंडी बोटाएवढी जाड होऊन वाळायची. शेवटी त्यात बकऱ्या सोडल्या.

त्याच उन्हाळ्यात भासरे निवृत्त झाले. त्यांना अमरावतीत फ्लॅट घ्यायचा होता आणि ते वावर विकायचं म्हणत होते. आमच्याकडे नाही म्हणायला काही नव्हतं. माणूस मिळत नाही, गुडघे चालत नाहीत, मुलाला शेती करायची नाही. घेणारा लेआउट पाडणारा होता. त्याची माणसं आली, लोखंडी खुंट्या ठोकल्या, चुन्याच्या रेषा मारल्या. कागदावर त्यानं प्लॉट दाखवले. कोणता गुंठाभर, कोणता दीड गुंठा.

"आता कसे पडले तुकडे?" मी मिस्टरांना विचारलं.

"एनए, म्हंजे बिगरशेती केलं का पडते."

"मंग तवा कावून नाई केलं?"

"एका गुंठ्यासाठी कोन करते," ते म्हणाले. मग पायानं जवळची चुन्याची रेष पुसायला लागले. त्यांनाही ते लागलं होतं, पण त्याचा आता कोणाला काय उपयोग.

तिला मीच सांगायला गेले. ती दारात तांदूळ निवडत होती. खुंट्या तिनं पाहिलेल्याच होत्या. मी म्हटलं, "महिनाअखेरी ताबा द्याचा आहे, बाई."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "उद्या तोडनी आहे," ती म्हणाली. "ते तं करून घेऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी आणि एका बाईनं मिळून भेंडी तोडली. माल टेम्पोत चढला. पुन्हा भावाकडेच जायचं होतं, म्हणून त्याच टेम्पोवर तिनं दोन पेट्या, गॅसची शेगडी आणि गुंडाळलेली गादी ठेवली. तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन मुलगी पुढे बसली. मी बाईच्या हातात साडी दिली. तिनं घेतली, पाया पडायला वाकली आणि मी तिला मध्येच धरलं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

आमचं पुढे असं झालं की राहतं घरही विकावं लागणार होतं आणि हिशात आलेल्या पैशात नवं बसेना. आपल्याच वावरातला एक प्लॉट घ्यावा, असं मिस्टरांच्या मनात होतं. ते लेआउटवाल्याकडे गेले. त्यानं चहा पाजला, तुमच्यासाठी कमी करतो म्हणाला, आणि फुटाचा भाव सांगितला. कमी केलेल्या भावातही प्लॉट घेतला तर बांधायला काही उरत नव्हतं. त्यानं आम्हाला पैसे एकरानं दिले होते आणि आता तो फुटानं विकत होता. मिस्टर घरी आले आणि पायातले जोडे न काढता खाटेवर बसले. गावातलं राहतं घर सासऱ्यांचं, दोघा भावांचं, तेही त्याच वर्षी विकलं गेलं. मुलगा अमरावतीला नोकरीला आहे, म्हणून आम्ही तिकडे गेलो आणि बडनेऱ्याच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. लिफ्ट नाही. खालचे मजले महाग होते. मिस्टर आठवड्यातून एकदा खाली उतरतात, दवाखान्यात जायला.

भाजी मी आणते. पहिल्यांदा भेंडी विकत घ्यायला गाडीपुढे उभी राहिले तेव्हा सवयीनं टोक मोडून पाहिलं.

"टोक नोका मोडू, काकू," गाडीवाली म्हणाली. "मंग बाकीचे घेत नाईत."

मी हात मागे घेतला. भाव विचारला तर तिनं पाव किलोचा सांगितला. किलोचा कोणी विचारतच नाही आता. मी म्हटलं, एवढी महाग कावून? ती म्हणाली, "तोडाले बाया भेटत नाईत म्हन्ते तिकडं. जे येते ते असंच येते." मी पावभर घेतली. घरी येऊन निवडली तर निम्मी निबर.

मागच्या वर्षी पातूरला नात्यातलं लग्न होतं. जेवणं झाल्यावर मी ऑटो केला आणि विचारत विचारत तिच्या भावाच्या घरी गेले. मागच्या बाजूला टिनाची खोली होती, ती तिथे राहत होती. नुकतीच कामावरून आलेली, केसांवर सिमेंटची धूळ. मला पाहून तिनं आधी तोंड धुतलं, मग चटई टाकली आणि चहा ठेवला. मुलगी अकोल्याला दवाखान्यात काम करते, तिथेच चौघीजणी मिळून राहतात, असं सांगितलं. मी माझ्या दोन खोल्यांचं सांगितलं, मिस्टरांच्या गुडघ्यांचं सांगितलं. ती ऐकत होती.

चहा संपल्यावर मी म्हटलं, "त्या गुंठ्याचं माह्या मनातून जात नाई, बाई."

"तुमी पाह्यतो म्हनलं ना वहिनी," ती म्हणाली, "त्याच दिवशी मी राखेनं आखलं होतं तठी. अठी चूल, अठी पोरीची खोली. तरोटा उपटून जागा साफ केली होती. तुमाले दिसलं नाई?"

मला दिसलं नव्हतं. मी त्या बाजूला गेलेच नव्हते.

"रागानं नाई सांगून राहिली मी," ती म्हणाली. "तुमी तवाच नाई म्हनलं असतं तं मी भावाच्या मांगं लागली असती. यादीत नाव होतं तोवर."

मी चटईच्या काड्या बोटांनी चाचपत बसले. अंगणात तिची भावजय दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. जरा वेळानं बाईनंच विषय बदलला. अमरावतीला पाणी रोज येते का, तिसऱ्या मजल्यावर वारं लागत असन, असं काहीबाही विचारलं. निघताना मी पर्स उघडली तर तिनं माझा हात धरून ती बंद केली. फाट्यापर्यंत पोचवायला आली. बस यायची होती, आम्ही दोघी उभ्या होतो. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजले होते. मी तिला दगडावर बसवलं आणि तिच्या शेजारी बसले.

यंदा बाईच्या भावानं गावठाणातला जागेचा तुकडा तिच्या नावावर करून दिला. नाव पुन्हा यादीत लागलं. मुलीनं फोन करून सांगितलं की पहिला हप्ता आला, पाया झाला, भिंती खिडकीपर्यंत आल्या, आणि आता रेती महाग झाली म्हणून काम थांबलं आहे. बाई सुट्टीच्या दिवशी स्वतःच भिंतीवर पाणी मारते. मी म्हटलं, येतो एकदा पाहायला. मुलगी म्हणाली, छत टाकून झाल्यावर या, मावशी, आता बसायला सावली नाही तिथे.