रोजचे पंचावन्न

शहाद्याजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था मी पाहते. आमच्या जीपसाठी माझा एकच नियम होता, पन्नासच्या वर जायचं नाही. ड्रायव्हरने तो सहा वर्षं पाळला. मग जीपमध्ये जीपीएसवरून वेग नोंदवणारं यंत्र बसवलं आणि पहिल्याच महिन्याच्या कागदावर रोज पंचावन्न दिसले.

त्याला बोलावलं. तो म्हणाला, "काटा पन्नासवरच ऱ्हास, ताई. एकदाव मन्हा जोडे बशी देखा."

"तुझ्या शेजारी बसून काटा बघायचा, मला तेवढाच उद्योग आहे का? यंत्र खोटं बोलतं?"

"मीबी खोटं नई बोलस."

मी त्याला कामावरून काढलं. शेजारच्या शाळेने त्याच्याबद्दल विचारलं, तेव्हा सरळ सांगितलं, गाडी पळवतो. त्यांनीही त्याला घेतलं नाही.

तीन महिन्यांनी नवा ड्रायव्हर आजारी पडला आणि मुलींना नंदुरबारला कॉलेजात सोडायला मीच निघाले. काटा पन्नासवर, मोबाईलच्या नकाशावर पंचावन्न. मोबाईल चुकतोय, असं ठरवून टाकलं. तरी परतताना, जीपमध्ये मुली नसताना, सोबत आलेल्या स्वयंपाकाच्या मावशींना मोबाईलवर सेकंद मोजायला बसवलं. काटा साठवर स्थिर ठेवला. किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत साठ सेकंद लागायला हवे होते. लागले पंचावन्न.

"आज तं तुम्हीच पळवी ऱ्हायनात, मॅडम," मावशी म्हणाल्या.

मग टायर आठवले. यंत्र बसायच्या थोडं आधी बदललेले. मापाचे मिळत नव्हते, आणि मुलींना सुट्टीत डोंगरातल्या गावी सोडताना खडीच्या रस्त्यावर बरे पडतील, म्हणून मोठे टायर मीच बसवून घेतले होते. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं. काटा मात्र जुन्याच चाकाचा हिशोब सांगत राहतो.

कागद पुन्हा काढून पाहिला. रोज पंचावन्न. एकदाही साठ नाही, एकदाही पासष्ट नाही. गाडी पळवणारा माणूस रोज नेमक्या एकाच आकड्यावर थांबत नाही. एवढं मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. आणि त्याच्या शेजारी बसायला दहा मिनिटं पुरली असती.

आधी त्या शाळेत जाऊन चूक सांगितली. त्यांची जागा भरली होती. मग त्याला शोधत गेले. तो कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर ऊस वाहत होता. मी टायरचं सांगितलं, चूक माझी होती म्हटलं आणि परत यायला सांगितलं.

"याले काटाच नई, ताई. कोनी काही इचारत नई," ट्रॅक्टरवर हात ठेवून तो म्हणाला. यायचं मात्र नाकारलं. मी निघाले तेव्हा त्याने मागून विचारलं, "टायर तेच शेतस का आजून?"

"तेच आहेत."

"मंग काटा पंचेचाळीसवर ठेवा. पोरी ऱ्हातीस गाडीमा."

नव्या ड्रायव्हरला मी तेच सांगितलं. कुणी सांगितलं, ते त्याने विचारलं नाही.