पायापर्यंत न पोचलेली प्रार्थना

जालन्याहून सकाळच्या गाडीने निघाले तेव्हा पिशवीत बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पायाला चोळायचं तेल आणि पवित्र शास्त्र एवढंच होतं. मनात मात्र धाकधूक होती. माझ्या नवऱ्याचा पाय मुरगळला होता, आणि चूक माझीच आहे अशी माझी पक्की खात्री होती.

त्याचं असं झालं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चात, दर बुधवारी बायकांची प्रार्थना असते. पाळकसाहेबांच्या पत्नीला आम्ही सगळ्या मावशी म्हणतो. मावशींनी शिकवलं होतं, नवऱ्यासाठी मोघम प्रार्थना करायची नाही, डोक्यापासून पायापर्यंत करायची. डोक्यात चांगले विचार येऊ देत, डोळ्यांना चांगलं दिसू दे, तोंडी गोड शब्द येऊ देत, हातांना काम मिळू दे, पाय सरळ वाटेनं जाऊ देत. मी रोज पहाटे उठून करायचे. पण तोंड आलं की तिथंच अडकायचे. माझे यजमान शांतवन बावीस वर्षांच्या संसारात जेवढं बोलले, तेवढं आमची शेजारीण पाणी भरताना एका हंड्यामागे बोलते. त्यामुळे तोंडावर माझा फार वेळ जायचा. पोटापर्यंत येईतो डोळा लागायचा. पायांपर्यंत मी कधी पोचलेच नाही.

आठ महिन्यांपूर्वी जालन्यातला त्यांचा कारखाना बंद पडला आणि हे भिवंडीजवळ पूर्णा गावात गोदामावर सुपरवायझर म्हणून गेले. रोज संध्याकाळी फोन यायचा. "जेवलो. बरं आहे. ठेवतो." त्या सोमवारी मधलं वाक्य बदललं. "जेवलो. पाय मुरगळलाय. ठेवतो." गोदामात एवढ्या उंच थप्प्या, एवढी अवजड यंत्रं, पण हे घसरले मोरीत, साबणावरून. मी तिकीट काढलं. पायाच्या निमित्ताने ह्यांना कायमचं घरी घेऊन यायचं, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

कल्याणला उतरून शेअर रिक्षात बसले. खाडीचा पूल ओलांडला आणि कोन गावाशी सगळं जागच्या जागी थांबलं. पुढे ट्रक, मागे ट्रक. रिक्षावाल्याने इंजिन बंद करून मला विचारलं, "पहिल्यांदा आलाव काय?"

"हो. किती वेळ लागेल?"

"आता बघा," तो म्हणाला आणि हँडलवर डोकं टेकून झोपला. शेजारच्या बाईने पिशवीतून मटार काढून सोलायला घेतले. मुक्कामी पोचेपर्यंत तिची सगळी शेंग सोलून झाली. अर्धी मी सोलली.

भिवंडीत शिरताना कानावर पहिल्यांदा आला तो लूमचा (यंत्रमागाचा) आवाज. पत्र्याच्या लांबट शेडमधून सतत खटखट चालू असते आणि त्या खटखटीच्या वरच्या पट्टीत माणसं एकमेकांशी बोलतात. अंजूरफाट्याला रिक्षा बदलताना मला वाटलं इथं सगळे भांडताहेत. ते एकमेकांना चहा विचारत होते.

पूर्णा गावात एकेकाळी भाताची खाचरं असणार. अजूनही दोन गोदामांच्या मधे एखादी चिंचोळी हिरवी पट्टी दिसते, त्यात बगळा उभा असतो. बाकी सगळे गाळे (गोदामाचे कप्पे). निळं शटर, निळं शटर, निळं शटर. फाटकावरच्या वॉचमनला मी म्हटलं, शांतवन साळवे कुठं असतात?

"दीदी, गाला नंबर बोलो."

गाळ्याचा नंबर मला ठाऊक नव्हता. नवऱ्याचा पत्ता मी देवाला रोज सांगत होते, पण तो नेमका कुठला, हे विचारून घ्यायचं राहिलं होतं. मी म्हटलं, ज्यांचा पाय मुरगळलाय ते. वॉचमनचा चेहरा एकदम उजळला. "अरे, शांतीभाई! आप दुआवाली दीदी हो क्या?"

मी काही न समजता हो म्हटलं.

गोदामांच्या मागे, जुन्या गावात, एका चाळीत ह्यांची खोली होती. हे खाटेवर पाय उशीवर ठेवून बसले होते. मला बघून तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "जेवलीस?" म्हणाले. आठ महिन्यांनी भेट!

तेवढ्यात घरमालकीण आल्या. धर्मीकाकू, साठीच्या, ठसठशीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हातात तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी). ताट माझ्यापुढे ठेवून त्या उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "आलीस ती बरी झाली गो. माझ्या कामाचा काय झाला?"

"कुठलं काम?"

"आमच्या म्हाताऱ्याचा. दारू सुटन्याचा. तुझा नवरा बोलला, माझी बायको परार्थना करते, तिचा देव ऐकते. तीन महिने झाले. आजून पितोय."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या पालीकडे पाहत होते.

पाठोपाठ पलीकडच्या खोलीतले रफीकभाई आले. लूमवर काम करतात. त्यांनी आधी पायाची चौकशी केली, मग हळूच मला म्हणाले, "दीदी, मेरी नाइट ड्युटी का हुआ क्या कुछ? दिन की शिफ्ट माँगी थी."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझा अबोल नवरा अख्ख्या चाळीत माझ्या प्रार्थनेची जाहिरात करत होता. लोक आपापली मागणी ह्यांच्याकडे देत होते, हे "सांगतो तिला" म्हणत होते, आणि त्यातलं एक अक्षर फोनवर आलं नव्हतं. मागण्या ह्यांच्यापाशीच साचून राहिल्या होत्या.

खरं सांगायचं तर मला रडू आलं असतं, इतका राग आला होता. पण काकू समोर बसल्या होत्या. "केली होती, पण अजून फळ आलं नाही," असं म्हटलं असतं तर सुटले असते. जीभ रेटेना. मी म्हटलं, "काकू, मला आजच कळतंय. हे सांगायचं विसरले. आत्ता करू का?"

"आत्ता? हितं?" काकूंनी पदर सावरला. "कर. न्हायतरी तो भायेरच बसलाय."

खरंच. दाराबाहेर ओट्यावर बाळारामकाका बिडी ओढत बसले होते. मला थोडं अवघडल्यासारखं झालं, पण डोळे मिटले. काकूंनी हात जोडले, रफीकभाईंनी हात पसरले. मी सुरुवात केली, "हे प्रभू येशू, आमचे बाळारामकाका रोज दारू पितात..."

बाहेरून आवाज आला, "रोज न्हाय. आडदिवसा."

मी डोळे न उघडता दुरुस्ती केली. "आडदिवसा पितात. घरी येऊन काकूंना शिव्या देतात..."

"ती पन देते."

"देते," काकू म्हणाल्या, "पन शुदीवर असून देते."

"प्रभू, तुला सगळं ठाऊक आहे," मी घाईने म्हटलं, कारण तपशील वाढत चालला होता. "त्यांची सवय सुटू दे. काकूंना झोप मिळू दे. रफीकभाईंना दिवसाची शिफ्ट मिळू दे. आमेन."

सगळ्यांनी आपापल्या पद्धतीने शेवट केला. मग काका दारात आले, बिडी विझवली आणि मला म्हणाले, "बाई, माझ्या गुडघ्याचा पन सांगा. प्यायची सवय त्यानंच लागली." त्यांचे डोळे ओले होते. काकूंनी लगेच तिकडे पाठ केली आणि माझं ताट उचललं, अजून मी जेवत असताना.

दुसऱ्या दिवशी काकूंनी हुकूम सोडला की ह्यांना अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचं, मुरगळलेल्या पायाला त्यासारखं औषध न्हाय. मी कचरले. कुंडाशेजारी महादेवाचं देऊळ. आपण ख्रिस्ती माणसं, कसं दिसेल? काकू म्हणाल्या, "पानी हाय ते. पानी काय विचारते, तू कोनाची?"

जीपने गेलो. वाटेत गोदामं संपली, डोंगर दिसू लागले, ह्यांचा चेहरा सैल झाला. कुंडाचं पाणी एवढं कढत की पायाचा अंगठा टेकवून मी ओरडले. शेजारी पाय सोडून बसलेली आजीबाई हसून हसून बेजार. तिने शिकवलं, एकदम पाय घालायचा आणि हलवायचा नाही, हलवला की जास्त चटका बसतो. हे आणि मी पायऱ्यांवर शेजारीशेजारी बसलो, चार पाय पाण्यात, अजिबात न हलता. पळून जायची कुणालाच सोय नव्हती. मी तोंड उघडलं.

"लोकांना सांगता, माझी बायको प्रार्थना करते. मग मला का नाही कळवलं?"

"लाज वाटली."

"कसली?"

"तू म्हणशील, स्वतः का नाही करत."

"का नाही करत?"

"करतो की," हे म्हणाले.

बावीस वर्षांत ह्यांना मोठ्याने प्रार्थना करताना मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, घरी चला. पाय बरा होईतो तरी. तिकडं दुसरं काम बघू."

तेव्हा हे बोलले, आणि एका दमात एवढं बोलले की मी मोजत बसले नाही. "रूथ, तिकडं मी रूथबाईंचा नवरा. तू शिकवतेस, तू गातेस, मंडळीत तुझ्यावाचून अडतं. कारखाना गेला तेव्हा सगळे तुला भेटायला आले. माझ्याकडं बघून नुसती मान हलवायचे. इथं माणसं मला हाक मारतात. ट्रक अडला तरी शांतीभाई, कुणाचं पोरगं आजारी पडलं तरी शांतीभाई. मला इथं बरं वाटतंय."

मी ह्यांच्या तोंडासाठी इतकी वर्षं मागत होते; ते उघडल्यावर आतून काय निघेल, याचा विचारच केला नव्हता.

मी विचारलं, "आणि माझ्यासाठी काय मागता?"

"आज?" ह्यांचे कान लाल झाले, ते पाण्याच्या वाफेने असेल. "उद्या तुझी गाडी चुकावी म्हणून."

"असं मागतात का देवाजवळ!" मी म्हटलं. शेजारच्या आजीने ऐकलं असावं, कारण ती उठून पलीकडच्या पायरीवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी गाडीला चार तास असताना मी निघाले. काकूंनी सुकटीची पुडी दिली, काकांनी रिक्षा थांबवली. कोनला ट्रक उभे. एकाचा आस तुटून तो रस्त्यात आडवा झाला होता. मी रिक्षात बसून घड्याळ पाहत राहिले. कल्याणला धावत फलाटावर पोचले तेव्हा माझ्या गाडीचा शेवटचा डबा मला पाठ दाखवून चालला होता. मी फोन लावला.

"गाडी चुकली," मी म्हटलं. "कोनला एका ट्रकचा आस तुटला."

हे म्हणाले, "तो आस मी नाही तोडला."

मी फलाटावर एकटीच इतकी हसले की चहावाल्याने न मागता चहा पुढे केला. त्या दिवशी परत पूर्णाला गेले. ह्यांनी लंगडत चहा केला. साखर विसरले होते. सकाळची गाडी मात्र मिळाली.

जालन्याला उतरले तेव्हा आपलं स्टेशन मला लहान वाटलं. बुधवारी बायकांच्या प्रार्थनेला गेले. मावशींनी विचारलं, पाय कसा आहे? मी म्हटलं, सूज उतरली. मग एकेकीची पाळी येत गेली. कुणी नवऱ्याच्या रागासाठी मागितलं, कुणी तंबाखूसाठी. मी ऐकत होते. प्रवासाला निघताना मी माझ्या माणसाला दुरुस्त करून आणायला निघाले होते, आणि तो तिथं चांगला नीट होता, माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला त्याच्यात खोट दिसत नव्हती. हे उमजायला मला एवढं लांब जावं लागलं, याची लाजही वाटली आणि हसूही आलं.

माझी पाळी आली. मी उभी राहिले, डोळे मिटले आणि म्हटलं, "प्रभू, शांतवनला तिथंच सुखात ठेव. आणि मला तिकडं घेऊन जा."

आमेन म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. मी डोळे उघडले तर सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. शेवटी मावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि विचारलं, "अगं, तिथं पाणी किती वाजता येतं, ते तरी विचारलंस का?"