डबीला ओवाळताना

संशय घ्यायला मला पुराव्याची गरज पडत नाही. दूधवाला लवकर आला तरी मला शंका येते, उशिरा आला तरी येते.

त्यामुळे आमच्या पल्लवीने कॉम्प्युटरशेजारी ती नवी डबी आणली, तेव्हापासून मी नजर ठेवून होतो. (डबीवर. पोरीवर माझा विश्वास आहे. साधारणपणे.) पल्लवी आमच्या मनीषनगरच्या घरूनच ऑफिसचं काम करते. तिने समजावलं, की डबीतल्या चिपला स्वतःचं ठरलेलं काम नसतं. आज चित्र ओळखायला शिकवलं तर ते करेल, उद्या आवाज साफ करायला शिकवलं तर ते. फक्त वीज तुटली की शिकवलेलं सगळं विसरते. स्वतःचं ठरलेलं काम नसलेला एक मेहुणा मला आहे, त्यामुळे माझा संशय वाढला.

डबीने रात्रभर न अडखळता काम केलं, हे शुक्रवारी मोठ्या साहेबांना दाखवायचं होतं. नाही जमलं तर काम दुसऱ्याला जाणार होतं. पण रोज सकाळी पाहावं तर तिचे दिवे लुकलुकताहेत, कॉम्प्युटर ठणठणीत आणि डबी सगळं विसरून कोरी! पोरीचं जेवण सुटलं. मला बघवेना, म्हणून मी तपास हाती घेतला.

आधी उंदीर धरला, म्हणजे संशयाने. मग बायकोचा झाडू. "माह्यावर काहून येऊन राहिले?" म्हणत तिने तोच झाडू उगारल्यावर ती निर्दोष सुटली. मेहुणा पारशिवनीला होता, तरी फोन करून खात्री केली. शेवटी उरली भिंतीपलीकडच्या वानखेडेची घरगुती चक्की; ती सुरू झाली की आमचे दिवे मंदावतात. तुझ्या चक्कीपायी पोरीचं काम हातचं चाललं, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. जुना शेजारी, दुखावला. चक्की बंद करून तो शुक्रवारी उजाडताच पल्लवीच्या खोलीच्या दारासमोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसला.

पल्लवी अंघोळ करून आली, तर डबी कोरीच.

मी वानखेडेकडे रोखून पाहिलं. त्याने सावकाश चहा संपवला.

"आत एकच मानूस गेलता गा. तू. उदबत्ती घेऊन."

"ती तर मी रोज साऱ्या घरात फिरवतो."

"आत काय केलं, ते सांग ना."

रोजचंच केलं होतं. विस्तव आणि वीज एकत्र नको म्हणून आधी डबीचं बटन बंद, मग तिला ओवाळणं, मग बटन चालू. पोरीला यश यावं म्हणून एक दिवसही चुकवलं नव्हतं!

पल्लवीने फोन उचलला. "बाबा, साहेबांना आता मी काय सांगू?"

खरं तेच सांगावं लागलं. साहेब हसले म्हणे, आणि सोमवारपर्यंत मुदत मिळाली. सोमवारी डबीने रात्रभराचं काम चोख दाखवलं. पल्लवीचं काम टिकलं. चक्की तर शनिवारपासूनच घरघरत होती.

पहारा मात्र उठलेला नाही. सकाळी मी उदबत्ती पेटवली की वानखेडे खुर्ची घेऊन हजर होतो. त्याने दूधवाल्यालाही सगळं सांगितलेलं दिसतं. हल्ली लवकर येवो की उशिरा, तोच माझ्याकडे संशयाने पाहतो.