जास्तीचं प्रथिन

बाई प्रयोगशाळेत अठरा वर्षं पेशी वाढवत होत्या. एक प्रथिन इतर तीन प्रथिनांना जवळ धरून ठेवतं, म्हणूनच पेशीत निरोप पुढे जातो, हे त्यांनी शोधलं. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी ते स्वतःच्या नावावर खपवलं. वर "हे प्रथिन वाढवलं की निरोपही वाढतो," असं ठोकून दिलं.

बाईंनी ते गुपचूप वाढवून पाहिलं. धरून ठेवणारं प्रथिन जास्त झाल्यामुळे त्या तीन प्रथिनांना वेगवेगळे आधार मिळाले, ती एकमेकांपासून दुरावली आणि निरोपच थांबला.

वर्षभर त्या गप्प राहिल्या. मग भरसभेत सरांचं भाषण संपताच त्यांनी आपले निकाल पडद्यावर दाखवले.

"आधी सांगायचं तरी!" बाहेर सर कळवळले.

"तेही तुमच्याच नावावर गेलं असतं," बाई शांतपणे म्हणाल्या.