आत ओढलेला होकार

योर्डिस बूर्स्ट्रोम ही काही मोठी बाई नव्हती. स्वीडनमधल्या ग्रानसेले गावच्या शाळेत ती स्वयंपाकीण होती, आणि ही गोष्ट घडली त्या १९९८ साली तिला त्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं झाली होती. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक, मंगळवारी डुकराचं मांस भरलेले बटाट्याचे गोळे, बाकीच्या दिवशी तिची मर्जी. आमच्याकडे पोरं शिक्षकांना नावानं हाक मारतात तशीच तिलाही मारत, तू म्हणत, आणि तरी तिच्यासमोर ताटात काही टाकायची कुणाची टाप नसे.

मिरियम तिला सातव्या वर्षापासून ओळखत होती. जेवायला सगळ्यांच्या मागे उभी राहणारी मुलगी ही. टेबलावर तिच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामीच असायची. एक दिवस योर्डिसनं तिला हटकलं, "तिथं करमत नसेल तर आत ये. बटाटे सोलायला माणूस कमी पडतंय." माणूस काही कमी पडत नव्हतं. मिरियम बटाटे सोलता सोलता गुणगुणायची, अगदी खालच्या पट्टीत, प्रार्थनाघरातली गाणी. योर्डिस कधी तिला छान म्हणाली नाही. फक्त मिरियमचं गाणं सुरू झालं की ती भांडी आपटायची थांबायची.

पुढे नववीत इल्वा, तूवे आणि पेत्रा या तिघींनी गाण्याचा ग्रुप काढला. जेवणाच्या खोलीत टेबलं सरकवून त्यांची तालीम चाले.

"तुम्ही तिघी नुसत्या वरवर किंचाळताय," योर्डिस एकदा ओटा पुसता पुसता म्हणाली. "खाली कुणीतरी पाहिजे. हिला घ्या."

इल्वानं नाक मुरडलं, पण घेतलं. योर्डिसशी वाकडं घेतलं की वर्षभर करपलेले पॅनकेक पानात पडतात हे तिला ठाऊक होतं. आमच्या दलदलीत पिकणाऱ्या पिवळ्या बोरांवरून त्यांनी ग्रुपचं नाव 'क्लाउडबेरी' ठेवलं, इंग्रजीत, कारण जग जिंकायचं ते काय स्वीडिश नावानं?

दोन वर्षांत त्या शेलेफ्तेओ शहरातल्या गाण्याच्या स्पर्धेत पहिल्या आल्या. परीक्षकांत लंडनचा एक माणूस होता, क्लाइव्ह डेंटन. गाणाऱ्या पोरी शोधायच्या आणि त्यांच्या रेकॉर्ड काढायच्या हा त्याचा धंदा. त्या काळात स्वीडनच्या पोरी म्हटलं की तिकडचे लोक कान टवकारत. तो म्हणाला, उन्हाळ्यात सहा आठवडे लंडनला या, बघू काय जमतंय ते.

सोबत मोठं माणूस हवं. आईबापांना रजा नव्हती, कुणाची गवतकापणी होती. मिरियमचे वडील प्रार्थनाघराच्या पंचांपैकी, नाचगाण्याला नाकं मुरडणाऱ्यांतले. ते एवढंच म्हणाले, "योर्डिस जाणार असेल तर जा." मग चारी घरांनी कागद लिहून दिला, की तिकडे सहीचा अधिकार योर्डिसला.

"मला इंग्लिशचा गंध नाही," योर्डिस म्हणाली. "पण जेवायला घालायला इंग्लिश कशाला लागतं?"

पातळ रोट्यांची चळत, माशाच्या अंड्यांच्या लगद्याच्या चार ट्यूब आणि कॉफीची किटली घेऊन बाई लंडनला निघाली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या उत्तर स्वीडनमध्ये हो म्हणायला आवाज काढावा लागत नाही. ओठांचा चंबू करायचा आणि हवा झटकन आत ओढायची. श्शुप्. झालं, हो म्हटलं. दक्षिणेतले लोक आमची टिंगल करतात, की हे लग्नात पाद्र्यापुढेही असंच शिंकेसारखं काहीतरी करतात. करू देत. बरं, हा होकार एकाच कामाचा नाही. 'मान्य आहे' म्हणायलाही तोच आणि 'बोला, ऐकतेय' म्हणायलाही तोच. कुठला ते समोरच्यानं ओळखायचं, आणि आम्ही ओळखतो. निदान तसा आमचा समज आहे.

लंडनला याची भलतीच पंचाईत झाली. क्रिकलवुडमध्ये त्यांचं बिऱ्हाड होतं, दोन खोल्या आणि एक चूल. कोपऱ्यावरच्या बेकरीवालीनं पहिल्याच दिवशी विचारलं, अजून काही हवंय का? योर्डिस म्हणाली, श्शुप्. बेकरीवालीला वाटलं बाईला दम लागला, तिनं धावत स्टूल आणून दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून स्टूल तयारच असायचं, आणि योर्डिसही त्यावर बसायला लागली. स्टुडिओत क्लाइव्हनं विचारलं, तयार का? चौघींनी एकदम श्शुप् केलं. तो वळून खिडकी कुठं उघडी आहे ते बघायला लागला.

क्लाइव्ह वाईट माणूस नव्हता. पिवळ्या काचांचा चष्मा, सारखं च्युइंगगम, पण पोरींशी नीट बोलायचा. चार आठवडे रोज गाणं आणि नाच. गाण्याचं ठीक होतं. नाचात मिरियमचे पाय जागचे हलत नसत. प्रार्थनाघरात गाणारी माणसं खांबासारखी उभी राहतात, सोळा वर्षांची ती सवय चार आठवड्यांत कुठली जायला. तूवे बिचारी रोज जिन्यात तिच्यासमोर उभी राहून आकडे मोजायची, एक दोन तीन आणि वळ. मिरियम चौथ्याला वळायची.

तिला काही पोस्टरवर झळकायचं नव्हतं. तिला हवं होतं ते इतकंच, की चौघी म्हटल्यावर चौथी आपण असावं. रिकाम्या खुर्चीशेजारी दहा वर्षं जेवलेल्या पोरीला हे केवढं वाटतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

पाचव्या आठवड्यात, सोमवारी दुपारी, क्लाइव्हनं सगळ्यांना टेबलाशी बसवलं. कागद समोर होते. तो योर्डिसकडे बघून बोलत होता, कारण सही तिची. आवाज चारी उत्तम आहेत, तो म्हणाला. मिरियमचा तर पाहिजेच, रेकॉर्डमध्ये तो राहील. फक्त स्टेजवर आणि फोटोत तिघी. ही मागून गाईल. कुणाला कळणार नाही, काही बिघडणार नाही.

योर्डिसनं ओठांचा चंबू केला आणि हवा आत ओढली. श्शुप्.

क्लाइव्हला त्यातलं काही उमगलं नाही. तो उत्तराची वाट बघत राहिला. चारी पोरींना मात्र स्वच्छ ऐकू आलं. इल्वानं मान खाली घातली. मिरियम म्हणाली, "पाणी पिऊन येते," आणि उठली ती थेट रस्त्यावर आणि रस्त्यावरून बिऱ्हाडी.

तिला क्लाइव्हचा राग आला नाही. तो असं काही म्हणणार हे तिला दुसऱ्याच आठवड्यात कळून चुकलं होतं. तिनं बॅग काढली आणि कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. एकाच ब्लाउजची तिनं तीनदा घडी घातली. तिला आत आणणारी योर्डिस, आणि तिनंच हो म्हणावं, हे तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

तासाभरानं योर्डिस आली. कोट न काढता दारात उभी राहिली.

"कुठं निघालीस?"

"घरी. मागून गायला मी प्रार्थनाघरात गाईन. तिथं निदान समोर उभं करतात."

"आणि मला विचारलंस?"

"तुला काय विचारायचं? तू हो म्हणालीस."

योर्डिस आत आली. मग खुर्चीवर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"तो बोलत होता, मी ऐकत होते," ती खाली बघूनच म्हणाली. "ऐकताना तोंडातून जातं. सवय."

"म्हणजे तुला कळलंच नाही तो काय म्हणाला?"

"आता पोरींनी सांगितलं. ती बॅग आत ठेव. आज सूप आहे."

मिरियमला इतकं हलकं वाटलं, की ती तिथंच पलंगावर बसून रडली. सोमवारी सूप का, हेही तिच्या डोक्यात आलं नाही.

सकाळी योर्डिसनं निळा स्वेटर घातला, घरी ती तो फक्त नाताळात घालते. चौघींना घेऊन स्टुडिओत गेली. क्लाइव्हनं पेन पुढं केलं. आमच्याकडची माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. बघू म्हणतात, कठीण दिसतंय म्हणतात, फारच झालं तर हवामानाबद्दल बोलतात. योर्डिस इंग्लिशमध्ये म्हणाली, "नो." तेही सबंध आवाज बाहेर सोडून, शंभर पोरांना रांगेत उभं करायच्या आवाजात. क्लाइव्हनं चष्माच काढला.

तो म्हणाला, चौघींना घेऊन मला जमणार नाही. तिघींचा तरी विचार करा.

"योर्डिस, सही कर," इल्वा म्हणाली. तिनं कागद तिच्यापुढं सरकवला. "मिरियमला चालेल. तिलाच विचार."

मिरियम म्हणाली, "मला चालेल." तिघींसाठी ते ती खरंच मनापासून म्हणाली.

"तुला चालेल," योर्डिस म्हणाली. "मला नाही चालत."

संपलं. दोन आठवडे आधीच मंडळी आगगाडीनं आणि बोटीनं परत आली. वाटेत तूवे आणि पेत्रा थोड्या बोलल्या, इल्वा एक अक्षर बोलली नाही. घरी पोचल्यावर तिच्या आईनं स्वतः सही करायला लंडनला फोन लावला, तोवर क्लाइव्हनं दुसऱ्या तिघी धरल्या होत्या. इल्वाची आई पुढं दोन वर्षं दुकानात योर्डिस दिसली की दुधाच्या कपाटाकडे तोंड फिरवायची. शाळा सुरू झाल्यावर इल्वा न बघता ताट पुढं करायची आणि योर्डिस तिच्या पानात मांसाचा एक तुकडा जास्त वाढायची, मुकाट्यानं. इल्वा आज स्टॉकहोममध्ये दातांची डॉक्टर आहे, सुखात आहे, आणि अजूनही म्हणते की त्या बाईनं आमचं वाटोळं केलं. तिचं अगदीच चूक आहे असं नाही.

मिरियम पाच गावांच्या शाळांतून गाणं शिकवते. गाडीत मागं दोन कीबोर्ड, पुढं कॉफीचा थर्मास. वर्गात जी पोरं मागं उभी राहतात त्यांना ती पुढं ओढत नाही, त्यांच्या शेजारी जाऊन गाते. लंडनचा विषय निघाला की ती हसून सांगते, मला जगात एकाच माणसानं वाचवलं, आणि त्याला इंग्लिश येत नव्हतं.

गेल्या वर्षी योर्डिसला ऐंशी वर्षं पूर्ण झाली. वाढदिवसाला आमच्याकडे भाषण करावं लागतं, आणि तिला मूलबाळ नसल्यानं ते मिरियमकडे आलं. आदल्या गुरुवारी मिरियम वृद्धाश्रमात गेली, कॉफी ओतली आणि म्हणाली, "ऐक, कसं झालंय सांग." तिनं वाचायला सुरुवात केली. बटाटे आले, बेकरीतलं स्टूल आलं. मग पुढं असं लिहिलं होतं: सगळ्यांना वाटलं ती हो म्हणाली, पण ती फक्त ऐकत होती. मला सोडायचं हे तिच्या मनालाही शिवलं नाही.

"ते काढ," योर्डिस म्हणाली.

"का? छान आहे."

"खोटं आहे म्हणून." तिनं कप खाली ठेवला. "रोज संध्याकाळी इंग्लिश मालिका बघते मी, खाली अक्षरं येतात त्या. तेव्हाही वीस वर्षं बघत होते. बोलता येत नव्हतं, पण कळणार नाही होय? शब्दन्‌शब्द कळला. मी हो म्हणाले होते."

मिरियमनं कागद खाली ठेवला.

"मला वाटलं, चार जणींचं काही न होण्यापेक्षा तिघींचं होतंय, आणि चौथीचा आवाज तरी जातोय. बरा सौदा वाटला. तू पाण्याला म्हणून गेलीस. मी बसून होते, तू येशील म्हणून. आली नाहीस. तेव्हा कळलं मी काय केलंय ते."

"मग मला खोटं का सांगितलंस?"

"तू बॅग भरत होतीस. खरं सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

मिरियम उठून खिडकीशी गेली. पंचवीस वर्षं तिनं हजार वेळा सांगितलेली गोष्ट, आणि तिचा पायाच खोटा निघाला. राग आला. आला तो खरा, पण त्याला धरायला जागा सापडेना. जिला काही कळलंच नव्हतं अशा एका भोळ्या बाईचे ती उपकार मानत आली होती. त्या बाईला नाही म्हणायला काय कष्ट पडले असते? पण ही जी खुर्चीत बसली होती, हिला सगळं कळलं होतं. हिनं मिरियमला सोडून दिलंही होतं. आणि तरी तासाभरात स्वतःचं मन बदलून, तिघींचे शिव्याशाप पत्करून, ही सकाळी निळा स्वेटर घालून नाही म्हणायला गेली होती.

ती परत येऊन बसली आणि पेन काढलं.

"मग काय लिहू?"

"झालं ते लिही. आधी हो म्हणाली, मग नाही म्हणाली."

मिरियमनं दोन ओळी खोडल्या आणि तसंच लिहिलं. खाली आभाराचं वाक्य आधीपासून होतं, त्याला तिनं हात लावला नाही. फक्त ते तिला पहिल्यांदाच खरं वाटलं.