आप्पेपात्रातली गाठी

लग्नाला सात वर्षं झाली तरी माझ्या सासूबाईंनी माझ्या हातच्या एकाही पदार्थाला ‘छान’ म्हटलं नव्हतं. पुरणपोळी असो की पिझ्झा, ‘बरं झालंय’ ही त्यांची सगळ्यात वरची पायरी. दोन हजार पाच सालचा अख्खा हिवाळा त्यांनी अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला आमच्याकडे काढला आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या सांगलीला परत निघणार होत्या. मी मनाशी पक्कं केलं होतं, विमानात बसायच्या आत या बाईंच्या तोंडून एक ‘छान’ काढायचंच. नाहीतर नाव बदलीन.

घर आम्ही आदल्या उन्हाळ्यातच घेतलेलं. मागच्या अंगणात एक थोराड झाड होतं, इतकीच मला त्याची ओळख. फेब्रुवारीत शेजारच्या अमेरिकन आजोबांनी कुंपणापलीकडून सांगितलं, हे साखरेचं मेपल आहे, मार्चमध्ये भोक पाडा, रस गळेल, तो आटवला की सिरप. झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. जे सासूबाईंनी जन्मात कधी केलेलं नाही, ते मी करून दाखवणार. म्हणजे तुलनाच नको.

“यार, दुकानात बाटल्यांची रांग लागलीय,” नवरा म्हणाला. “कशाला वीकेंड वाया घालवतेस?”

“तुझा वीकेंड कोण मागतंय? तुझं ड्रिल दे,” मी म्हटलं.

हार्डवेअरच्या दुकानातून तीन तोट्या आणल्या, झाडाला भोकं पाडून ठोकल्या आणि खाली दुधाचे रिकामे कॅन टांगले. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. त्यांना हे अजिबात रुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो काय, या बाई लेकाचे बूट घालून गुडघाभर बर्फात उभ्या, आणि झाडाला हळदकुंकू वाहताहेत.

“आई, अहो पडाल!”

“त्याच्याकडून घेतोय ना आपण? मग विचारायला नको?” त्या म्हणाल्या आणि फताक फताक करत परत आल्या.

दिवसा बर्फ वितळायला लागला की रस ठिबकायचा, रात्री सगळं गोठलं की बंद. रस कसला, नुसतं पाणीच. जिभेवर जरा गोडसर लागायचं, तेही डोळे मिटून चाखलं तर. दोन आठवडे मी कॅन गोळा करून डेकवरच्या बर्फात पुरत होते.

मग एका शनिवारी गणपतीच्या मसालेभाताची दोन्ही पातेली शेगडीवर चढवली. रस बाहेर अंगणात उकळायचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुपारपर्यंत घराचं न्हाणीघर झालं. खिडक्यांवरून ओघळ, सिंकवरचा वॉलपेपर कोपऱ्यातून सुटलेला, धुराचा अलार्म दोनदा बोंबलला, आणि नवरा टॉवेल फडकवत त्याच्याखाली नाचतोय. सहा वर्षांची लेक मात्र खूश. “Aaji, it smells like pancakes!” म्हणत आजीभोवती फेऱ्या मारत होती.

संध्याकाळी एवढ्या सगळ्याचा एका लहान पातेल्यात मावेल इतका तपकिरी रस उरला. लायब्ररीतल्या पुस्तकात लिहिलं होतं, थर्मामीटरचा काटा दोनशे एकोणीस फॅरनहाइटवर आला की लगेच उतरवा. काटा आला. मी पकड घेतली, तेवढ्यात सासूबाईंनी चमच्यावरचा थेंब दोन बोटांत धरून पाहिला.

“अगं, हा कसला पाक? पाण्यासारखा पळतोय. एक तार तरी येऊ दे.”

“आई, पुस्तकात इतकाच पातळ ठेवायला सांगितलाय.”

“पुस्तकवाल्यानं कधी रव्याचे लाडू वळलेत?”

खरं तर मी तेव्हाच गॅस बंद करायला हवा होता. पण मनात आलं, त्यांच्या मनासारखा झाला तर त्या ‘छान’ म्हणतील. मी गॅस चालूच ठेवला. काटा चढत गेला. शेवटी त्यांनी अंगठा आणि बोटामध्ये सुरेख तार ओढून दाखवली. “आत्ता कसं!” पाच बरण्या भरल्या. त्यांनी चमचा चाटला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी.

“बरं झालंय.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

चौथ्या दिवशी सकाळी बरणी उपडी केली तर आतून हूं की चूं नाही. पाचही बरण्यांत दगड! पाकाची साखर होऊन बसली होती. मी बरण्या सासूबाईंसमोर टेबलावर दणादण आपटल्या.

“घ्या तुमची एक तार!”

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी एक बरणी उचलली, तिच्या बुडावर टिचकी मारली आणि ती खाली ठेवली.

“माझंच चुकलं गं,” त्या म्हणाल्या. “तू सांगत होतीस.”

सात वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. माझा राग कुठल्या कुठे पळाला. “जाऊ द्या हो आई. साखर तरी झाली.”

“साखर,” त्या पुटपुटल्या. मग एकदम उठल्या. “पाडव्याला गुढीला घालायला गाठी मिळते का इथे?”

“छे! इथे कुठली?”

“मी दिलेलं आप्पेपात्र कुठंय?”

मेले! दोन वर्षांपूर्वी त्यांनी पाठवलेलं आप्पेपात्र खोक्यासकट कपाटात वर पडून होतं. त्यांनी खोक्याची न फाडलेली चिकटपट्टी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि चक्क हसल्या.

साखर थोड्या पाण्यात पुन्हा विरघळवली. आप्पेपात्राच्या खळ्यांना तूप लावून एका खळीतून दुसरीत असा दोरा मांडला. पाक उकळायला लागला तशा त्या म्हणाल्या, “तुझ्या त्या काट्यावर किती यायला हवं?”

“दोनशे पस्तीस. पण तुम्ही थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघा.”

काटा आला आणि गोळीही झाली. त्यांनी घोटून पाक ओतला. चार गाठी झाल्या. पांढऱ्याशुभ्र नाहीत, गुळासारख्या मातकट, आणि एकीचे दोन मणी फुटलेले. पाडव्याला डेकवर गुढी उभारून ती फुटकीच घातली, कारण बाकीच्या तीन त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवल्या होत्या.

का, ते संध्याकाळी कळलं. बॅग वजनकाट्यावर होती आणि नवरा ओरडत होता, “आई, वजन जास्त होतंय!” त्यांनी नातेवाइकांसाठी घेतलेल्या पिस्त्यांच्या पिशव्या काढल्या, लोशनच्या बाटल्या काढल्या, आणि तिन्ही गाठी स्वतःच्या रेशमी साडीच्या घडीत ठेवल्या.

“आई, मोडतील त्या.”

“मोडू देत. तुकडे दाखवीन.”

“काय सांगणार सगळ्यांना?”

“सांगेन, माझ्या सुनेनं दारच्या झाडाची साखर केली.” त्या बॅगेची चेन ओढायला लागल्या, ती अडकली. “आणि पाक मी बिघडवला, तेही सांगेन. बस इकडे बॅगेवर, रडतेस काय?”

मी बॅगेवर बसले आणि त्यांनी चेन ओढली.