नवऱ्यामागे राहिलेली घोडी

हसनाबादजवळच्या आमच्या शेतावर माझा नवरा घोडीवरूनच जायचा. मोटारसायकल होती, पण ती बाहेरगावासाठी. त्या मोटारसायकलवरून जाफराबादहून परत येतानाच ट्रकनं त्याला उडवलं. तो गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. घरात मी आणि सासूबाई उरलो, आणि गोठ्यात त्याची घोडी.

घोडीनं खाणं जवळजवळ सोडलं होतं. कडबा तसाच पडून राहायचा. फाटक वाजलं की ती मान वर करून बघायची आणि मला पाहून पुन्हा खाली घालायची. इतक्या वर्षांत मी तिला कधी हात लावला नव्हता. पाणी द्यायचं तरी बादली लांबूनच सरकवायचे.

एक दिवस धाकटे दीर घरी येऊन म्हणाले, "वहिनी, घोडी देऊन टाकू. वरातीवाला मागून राह्यला. हितं तिच्याकडं बघनार कोन?"

वरातीच्या घोड्या मी पाहिल्या होत्या. काटेरी लगामानं ओठांचे कोपरे फाटलेल्या, डीजेसमोर डोळे पांढरे करून उभ्या असलेल्या. "मी बघते," मी म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "तिनं लाथ घातली मंग तुला कोन बघनार?"

नवऱ्याला स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघत आले होते, तेवढंच माझं शिक्षण. तो तिच्याकडं कधी मागून जायचा नाही. खांद्याच्या बाजूनं जायचा, आधी बोलायचा, मग हात लावायचा. मीही तसंच केलं. पहिल्यांदा तिनं कान मागं पाडले, तेव्हा मी होते तिथंच थांबले. पुढं गेले नाही आणि मागंही सरले नाही. असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी तिनं माझ्या हाताचा वास घेतला आणि तोबऱ्यातला हरभरा खाल्ला.

तिच्या अंगावरून फिरवायचा खरारा खुंटीला होता. त्यानं शेवटचं तिचं अंग घासलं तेव्हाचे केस त्यात अडकलेले होते. ते काढून कागदात गुंडाळले आणि कपाटात ठेवले. मग खरारा चालवला. टापा साफ करणं सगळ्यात अवघड गेलं. पाय उचलला की ती सगळा भार माझ्यावर टाकायची. टापेच्या खाचेत शेण कुजून वास सुटला होता. रोज थोडं थोडं कोरत गेले, तशी ती पाय उचलू द्यायला लागली.

सोयाबीनच्या काढणीत तिनं दावं तोडलं आणि सोयाबीनच्या ढिगात तोंड घातलं. मी अंगणवाडीतलं काम उरकून घरी आले तेव्हा ती घामानं निथळत होती. पुढच्या पायानं माती उकरत होती, सारखी वळून पोटाकडं बघत होती आणि खाली बसून लोळू पाहत होती. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते भोकरदनच्या पलीकडं होते.

"यायला वेळ लागेल," ते म्हणाले. "खायला काही देऊ नका. तिला लोळू देऊ नका, हळूहळू चालवत राहा."

मी तिला अंगणात चालवत राहिले. ती गुडघे टेकायची, मी दोर ओढून उठवायचे. हात सोलून निघाले. ओट्यावर बसलेल्या सासूबाई सगळं बघत होत्या. मग त्या उठल्या, पदर कमरेला खोचला आणि माझ्या हातातला दोर घेतला.

"सर. बस जरा."

"आत्याबाई, ओढील ती तुम्हाला."

"ओढू दे. त्यानं लहानाची मोठी केली हिला. हीबी माझ्या डोळ्यादेखत जायची न्हाई."

त्या अनवाणी चालत होत्या. घोडीशी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. त्यात मला त्याचं नाव ऐकू आलं. तो गेल्यापासून त्यांनी ते एकदाही उच्चारलं नव्हतं. मी ओट्यावर बसून रडले. तोवर मलाही नीट रडता आलं नव्हतं.

डॉक्टर आले. इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात औषध सोडलं. दिवस मावळायच्या सुमारास तिनं लीद टाकली. डॉक्टरांनी तिच्या पोटाला कान लावला आणि मान हलवली. "वाचली."

सासूबाईंनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

हिवाळ्यात मी तिच्या पाठीवर खोगीर घातलं. आधी नुसतं घालून फिरवलं, आणि ती शांत राहते असं दिसल्यावर एका सकाळी वर बसले. लगाम सासूबाईंनी धरला होता. पाराजवळचे लोक बघत राहिले. सासूबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही.

आता मी तिच्यावरूनच शेतावर जाते. ती थकत चालली आहे, हे मला तिच्या श्वासावरून कळतं. ती पळायला बघते तरी मी तिला पळवत नाही. नाल्यापुढचा चढ आला की मी खाली उतरते आणि तिच्या खांद्याशी चालत राहते.